‘आसन्न’ : पायच्या शोधातील एक प्रांजळ शब्द



घरातील ताट घ्या. त्याच्या कडेभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि तिला ताटाच्या व्यासाने भागा. वाटी, बांगडी, सायकलचे चाक, काहीही घेतले तरी उत्तर तीनपेक्षा किंचित अधिक येते. वर्तुळ लहान असो वा विशाल, परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर बदलत नाही. तेच ‘पाय’. या ग्रीक अक्षराचा या अर्थी वापर विल्यम जोन्स यांनी १७०६ साली केला. संख्येचा शोध मात्र फार प्राचीन आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पिल्या आणि पाय हा ३ पूर्णांक १०/७१ व ३ पूर्णांक १/७ यांच्या दरम्यान आहे, हे सिद्ध केले. तुमच्या वहीतील २२/७ ही त्यातील वरची मर्यादा होय. पायची नेमकी किंमत नव्हे.

‘आर्यभटीय’ या इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात आर्यभटाने कृती दिली : १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२,००० मिळवा, हा २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. भागाकार केला की ३.१४१६ मिळतात. पण या परिघाला त्याने ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असे विशेषण लावले. एवढे सूक्ष्म उत्तर हाती असताना त्याची मर्यादाही सांगणे, ही खरी विद्वत्ता!

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हाच विवेक पाळला. ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान, तर २२/७ हे स्थूल, व्यवहारापुरते. फरक किती? पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास १२,७५६ किलोमीटर धरला, तर २२/७ ने परिघात सुमारे १६ किलोमीटरची चूक होते. सूक्ष्म मानाने शंभर मीटरही नाही.

पुढे चौदाव्या शतकात केरळात संगमग्रामाचे माधव झाले. १ मधून १/३ वजा करा, १/५ मिळवा, १/७ वजा करा. असे अखंड करत गेल्यास पायचा चौथा भाग मिळतो. युरोपात लाइब्निझ या मालिकेपर्यंत सतराव्या शतकात पोहोचला. मालिका मोठी संथ : शंभर पदांनंतरही उत्तर ३.१३१६ च्या आसपासच. म्हणून माधवांच्या परंपरेने उरलेल्या पदांसाठी दुरुस्तीची सूत्रे शोधली. ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ ग्रंथात या मालिकेची उपपत्ती लिहिली, तीही मातृभाषेत, मल्याळममध्ये.

अठराव्या शतकात लॅम्बर्टने पाय अपरिमेय असल्याचे सिद्ध केले. म्हणजे कोणताही अपूर्णांक त्याची नेमकी किंमत सांगू शकत नाही आणि त्याचे दशांश कधी संपत नाहीत. संगणकाने २०२२ साली १०० लाख कोटी दशांश स्थळे गाठली. तरी तेही उत्तर आसन्नच!

मित्रहो, पूर्वजांच्या नावांचा जयघोष करणे सोपे आहे. पण त्यांनी स्वतः केवळ उत्तर सांगितले नाही, रीत दिली आणि उपपत्ती मांडली. ऋषिऋण अध्ययनानेच फिटते. आज घरी माधवांच्या मालिकेची पहिली दहा पदे स्वतः मांडा, चौपट करा आणि उत्तर ३.१४१६ पासून किती दूर राहते ते पाहा. त्यांचे खरे स्मरण त्या आकडेमोडीत आहे.