पिकाची तहान आणि उशिराचे पाणी



धार-देवासकडील आपल्यापैकी बऱ्याच घरांची थोडीफार शेती अजून गावी आहे. कोणी स्वतः करतात, कोणी बटाईने देतात. तेव्हा आजचा विषय शास्त्राचा असला तरी घरचाच आहे.

1970 नंतर माळव्यात सोयाबीन पसरले. त्यापूर्वी येथील बरीच काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घेत. आता भर पावसाळ्यात पीक उभे असते, म्हणून पावसाने ओढ दिली की जिवाला घोर लागतो. 2023 चा ऑगस्ट आठवावा. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता.

अशा वेळी झाडात काय घडते? पानावर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते व कर्बवायू आत येतो. ओल तुटली की रंध्रे मिटतात. पाणी वाचते खरे, पण कर्बवायू अडतो आणि हरितद्रव्याचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. चुलीत जाळ तसाच, भांड्यात शिधा मात्र नाही, अशी ही अवस्था! ऊन तर पडतच असते. न वापरलेली ती शक्ती पानाच्या आतल्या यंत्रणेलाच पोळू लागते. येथवर पाणी मिळाले तर पान थोड्या दिवसांत सावरते. ताण लांबला तर यंत्रणाच बिघडते, खालची पाने पिवळी पडून गळतात, आणि गळलेले पान काही पावसाने परत येत नाही.

द्विदल पिकांत याहूनही नाजूक जागा म्हणजे मुळांवरच्या गाठी. हवेतील नत्र पिकाला मिळवून देण्याचे त्यांचे काम सोयाबीनमध्ये पानांच्याही आधी खालावते. पान हिरवेगार दिसते, म्हणून आपण निश्चिंत असतो. नुकसान जमिनीखाली सुरू झालेले असते.

सावरणे वेळेवरही अवलंबून आहे. फुले गळली तर सोयाबीन पुन्हा काही फुले धरते. दाणा भरताना ताण पडला तर भरपाईस अवधीच उरत नाही. मागाहून पाऊस आला, शेत टवटवीत दिसले, तरी दाणा बारीकच राहतो. लवकर येणाऱ्या वाणांचे तर दिवसच मोजके. तूर खोल मुळांची आणि लांब मुदतीची, ती पुष्कळ सोसते.

देवासला 1990 साली रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली, हे मोठे काम झाले. पण तळ्यातले सगळे पाणी रब्बीसाठी राखण्याची रीत आम्हांस पटत नाही. ‘पाहू, उद्या येईल पाऊस’ असे म्हणता म्हणता आठवडा जातो. शेंगा भरताना पाऊस खंडला तर एक पाणी तेव्हाच द्यावे, आणि तेही जमिनीला भेगा पडण्याआधी. काळ्या मातीत भेगा रुंदावल्या की कोवळी मुळे तुटतात आणि दिलेले पाणी भेगांतून खोल निघून जाते.

यामुळे हरभऱ्याच्या वाट्याला एखादे पाणी कमी येईल. त्याची मुळे खोल जातात, चांगल्या ओलीवर पेरलेला असला तर तो निभावतो. उलट पाणी जास्त झाले की हरभरा नुसताच माजतो आणि घाटे कमी धरतो.