खलाशी आणि सनद
(हिंगणघाट येथील सभेंतील भाषण)



आपण कापसाच्या मुलखांतले लोक. शेजारच्या तालुक्याचें नांव समुद्रपूर, पण समुद्र मात्र शेंकडों मैल दूर! मग आरमाराची गोष्ट येथें कशाला, असें आपण म्हणाल. आपलीं पोरें दहावी-बारावी होऊन खलाशी म्हणून भरतीला जातात. तीं तेथें कोठवर चढूं शकतात हें आईबापांस ठाऊक नको काय?

शिवाजीमहाराजांच्या आरमाराची रीत पाहा. १६७९ सालीं खांदेरी बेटावर इंग्रजांशीं गांठ पडली, तेव्हां पुढारी होता मायनाक भंडारी. भंडारी म्हणजे माडावर चढून माडी काढणारी जात. त्याची पोथी कोणी तपासली नाहीं. वारा, भरती आणि गलबत त्याला कळत होतें, तेवढें पुरलें.

इंग्रजी अमदानींत ही वाट बुजली. पलटणींत केस पिकलेला सुभेदार काल आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटास सलाम ठोकी. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले. पण गोऱ्याच्या बरोबरीची सनद त्या काळीं हिंदी शिपायास मिळतच नसे. आरमारांत तर पहिला हिंदी अधिकारी १९२८ सालीं नेमला गेला. मग १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या 'तलवार' तळावर खलाशांनीं संप केला. अन्न निकृष्ट, पगारांत गोऱ्या-काळ्याचा भेद, वर साहेबाच्या शिव्या! आग एकदम लागली नाहीं, ती बरींच वर्षें धुमसत होती.

आज दार उघडें आहे, पण अरुंद. खलाशी पायरी पायरीनें मास्टर चीफ पेटी ऑफिसर, पहिला वर्ग, येथवर जातो. हा हुद्दा लष्करांतल्या सुभेदार मेजरच्या तोडीचा. जो काम चोख करील आणि ठरलेल्या परीक्षा उतरेल त्याला अधिकाऱ्याची सनदही मिळूं शकते. हें बोर्डावर लिहिलेलें असतें, पण आपल्या पोरांना वेळेवर सांगतो कोण?

त्यांतच २०२२ सालीं अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची. पुढें कायम होणार ते फार तर शेंकडा २५. जहाजाची माहिती अंगवळणीं पडते न पडते तोंच चौघांतल्या तिघांच्या हातीं निरोप! सनदेची पायरी त्यांना दिसायचीही नाहीं. हें आम्हांस खुपतें, आणि तें उघड बोलण्यांत आम्हांस संकोच नाहीं.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें होतें कीं सरकारचा पैसा येतो रयतेकडून आणि शिकतात वरच्यांचीं मुलें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं खालून चढण्याचा हक्क तर मागाच, पण वरच्या दारानेंही शिरा. बारावीनंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनींत गेलेला पोरगा थेट अधिकारी होतो. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरास आहे. तिची प्रवेशपरीक्षा दहावीच्या वर्षीं द्यावी लागते. बारावीला जागें होऊन उपयोग नाहीं.

ज्यांचीं मुलें यंदा दहावीला आहेत त्यांनीं पुढच्या रविवारीं मुलांसह येथेंच यावें. अर्ज कसा भरावयाचा तें बसून पाहूं.