छपरावरचे जुने खिळे

बंगळूरचा महादेवपुरा विभाग २००७ साली महानगरपालिकेत आला. त्यातील व्हाइटफील्डची वसाहत मात्र १८८२ सालची. तेथील जुन्या बंगल्यांवर मंगलोरी कौले असत. अशा कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ साली काढला. असे छप्पर उतरविताना कौले सहज निघतात. कारागिराची कसोटी लागते ती वाशा-रिपांतील गंजलेल्या खिळ्यांपाशी.

लोखंड गंजले म्हणजे फुगते. म्हणून जुना खिळा लाकडाला अधिकच घट्ट धरून बसतो. हिसका दिल्यास रीप चिरते किंवा खिळ्याचे डोके तेवढे तुटून हाती येते. जाणता सुतार आधी हलका ठोका देऊन गंजाची मिठी सैल करतो, रॉकेलचे दोन थेंब सोडतो आणि हत्याराखाली लाकडी तुकडा ठेवून खिळा सरळ वर उचलतो. असे केल्यानेच सागाचा वासा पुन्हा दुसऱ्या घरास उपयोगी पडतो.

उपटलेला खिळा डब्यातच पडला पाहिजे. धनुर्वाताचे जंतू गंजातून जन्मत नाहीत; ते मातीत असतात. परंतु मातीत पडलेला खिळा त्यांना अनवाणी मजुराच्या पायात खोलवर नेतो. म्हणून वाशांच्या मोजदादीइतकीच खिळ्यांची मोजदादही महत्त्वाची.