यंत्र तयार आहे, नमुना आपण द्यायचा आहे



मी प्रयोगशाळेत बेडक्याचे नमुने तपासतो. आज क्षयरोगाच्या तपासणीबद्दल बोलतो.

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो २००४ मध्ये मँचेस्टरला वेगळा केला गेला आणि २०१० मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. २००८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात विकास बेरी आणि निहार मोहंती यांनी दाखवले, की ग्राफीनवर एकच जिवाणू चिकटला तरी त्यातून वाहणाऱ्या विजेत मोजता येईल असा फरक पडतो. डीएनएच्या एका धाग्याला त्याचा जोडीदार धागा जुळला, तर तेही कळते.

ते तंत्र अजून आपल्या दवाखान्यात आलेले नाही. पण जंतूचे जनुक ओळखणारी तपासणी आली आहे. सूक्ष्मदर्शकाला क्षयाचे जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले की अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि आजार आत वाढत राहतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालते. छोट्या चिपवर ते जनुकाच्या असंख्य प्रती करते आणि साधारण तासाभरात उत्तर देते. रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हेही पुढच्या चाचणीत कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या तपासणीची शिफारस केली.

यंत्र तासात सांगते, आपण मात्र महिनोन्‌महिने घालवतो. वाशीम असो, कारंजा असो की मंगरूळपीर, मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून तिचा खोकला लपवणारी घरे सगळ्याच समाजांत आहेत. लपवलेला खोकला घरातल्या लेकराबाळांना आजार देतो.

म्हणून एवढे करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन असेल, तर सरकारी दवाखान्यात जा आणि ‘नॅट तपासणी होईल का?’ असे विचारा. नमुना सकाळी उठल्याबरोबर, छातीतून खोकून काढलेला द्या; नुसती लाळ चालत नाही. सरकारी तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होण्याची योजना आहे. साधा क्षय सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. औषध मध्येच सोडू नका.

प्रत्येक मोहल्ल्यातून दोघांनी पुढे यावे आणि खोकणाऱ्या माणसाला दवाखान्यापर्यंत सोबत करावी. बाकीचे काम आमच्याकडे सोपवा.