न्यायासनावरील माणूस

भिलाईच्या सेक्टर 10 मधील एखाद्या रहिवाशाचा वारशाचा दावा प्रथम दुर्गच्या न्यायालयात उभा राहतो आणि अपिलाच्या ओघात बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो. 1936 पासून 1956 पर्यंत या भूभागाचे उच्च न्यायालय नागपूरला होते, त्यानंतर ते जबलपूरला गेले आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून ते बिलासपूरला आहे. न्यायालयाचे गाव असे बदलत गेले, हे सर्वांच्या लक्षात आले. न्यायासनावर कोण बसणार हे ठरविण्याची रीतही त्याच काळात बदलली, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले.

पात्रतेच्या अटी दोन ओळींत सांगता येतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश भारताचा नागरिक असावा आणि त्याने दहा वर्षे न्यायिक पद धारण केलेले असावे किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेली असावी. सर्वोच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयातील पाच वर्षांचे न्यायाधीशपद किंवा दहा वर्षांची वकिली लागते. राष्ट्रपतींच्या मते नामवंत असलेल्या विधिवेत्त्यालाही तेथे जागा आहे; परंतु या तिसऱ्या दाराने अद्याप कोणीही आत आलेले नाही. निवृत्तीचे वय उच्च न्यायालयात 62, तर सर्वोच्च न्यायालयात 65 आहे.

या वाटेने जाणारा माणूस कसा असतो, हे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या चरित्रावरून दिसते. त्यांचे शालेय शिक्षण रायपूरला, पुढील शिक्षण नागपूर व केंब्रिज येथे झाले. 1930 मध्ये त्यांनी नागपूरला वकिली सुरू केली, 1946 मध्ये ते तेथेच न्यायाधीश झाले, 1954 मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले, 1958 मध्ये दिल्लीस गेले आणि 1968 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. दहा वर्षांच्या अटीपेक्षा ही तयारी कितीतरी मोठी होती. पण दहा वर्षे वकिली केलेले लोक हजारोंनी असतात. त्यांतून एकाला उचलावयाचे कोणी?

24 मे 1949 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाला हात घातला. नेमणूक केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. ती विधिमंडळाच्या संमतीवर सोपविणे त्यांना अडचणीचे वाटले. सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यावा ही सूचनाही त्यांनी मानली नाही, कारण सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच, मनुष्यस्वभावातील दोष त्यांच्याही ठायी असणार. म्हणून मधला मार्ग निघाला: नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, परंतु न्यायाधीशांशी विचारविनिमय करून.

पुढचा सारा झगडा या ‘विचारविनिमय’ शब्दाभोवती झाला. एप्रिल 1973 मध्ये शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. ज्येष्ठतेचा संकेत घटनेत लिहिलेला नव्हता. तो मोडल्यावरच त्याची किंमत कळली. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय देऊन अखेरचा शब्द सरकारकडे ठेवला. 1993 मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो फिरविला. शिफारस करणाऱ्या न्यायाधीशमंडळास तेव्हापासून ‘कॉलेजियम’ म्हणतात. 1998 पासून सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांसाठी त्यात सरन्यायाधीश व चार ज्येष्ठतम न्यायाधीश असतात. नकाराधिकाराबाबत आंबेडकरांनी दिलेला इशारा या बदलात बराचसा मागे पडला, असे म्हणावे लागते. मात्र सत्ता एका व्यक्तीऐवजी पाचांकडे गेली, एवढा फरक पडला.

संसदेने 99 वी घटनादुरुस्ती करून सहा सदस्यांचा आयोग निर्माण केला. त्यात तीन न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असावयाच्या होत्या, आणि कोणत्याही दोघांना नाव अडविता येणार होते. 16 ऑक्टोबर 2015 रोजी न्यायालयाने हा आयोग चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे मत वेगळे पडले. बंद दाराआड चालणाऱ्या निवडीवर त्यांनी ठेवलेला ठपका अनेकांना पटला.

तेव्हापासून कॉलेजियमची पद्धत चालू आहे. उच्च न्यायालयासाठी तेथील मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठ न्यायाधीश नावे सुचवितात; ती राज्यपाल, मुख्यमंत्री व केंद्र सरकार यांच्यामार्फत दिल्लीच्या कॉलेजियमपुढे जातात. सरकार नाव परत पाठवू शकते; तेच नाव पुन्हा आले तर नेमणूक करणे भाग असते. ती किती दिवसांत करावी हे मात्र घटनेत कोठेही लिहिलेले नाही, आणि तोवर त्या न्यायालयातील खुर्ची रिकामी राहते.