महाविद्यालयीन ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांचे लेखन

(महाविद्यालयीन ग्रंथपाल, मराठीचे प्राध्यापक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



ग्रंथालय हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे वाचणारा माणूस उभा राहतो. लिहिणारा माणूस सहसा उभा राहत नाही. वस्तुतः कपाटातील प्रत्येक ग्रंथामागे कोणीतरी लिहिणारा आहेच. परंतु तो दूरच्या शहरातला, मोठ्या नावाचा आणि बहुधा दिवंगत झालेला, अशी आपली समजूत असते. समोरच्या बाकावर बसून टिपणे काढणारी विद्यार्थिनी हीदेखील लेखिका होऊ शकेल, हा विचार आपल्या ग्रंथालयांच्या व्यवस्थेत फारसा शिरलेला नाही. आज मला या लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आणि त्यांच्यासाठी ग्रंथालयाला काय करता येईल याविषयी बोलावयाचे आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथालय ही वाढत राहणारी, सजीव संस्था आहे, असा त्यांतील पाचव्या सिद्धांताचा आशय आहे. आपण या वाढीचा अर्थ ग्रंथसंख्येपुरता घेतो. दाखल नोंदवहीतील आकडा वाढला की ग्रंथालय वाढले, असे मानतो. माझे म्हणणे असे की, ज्या गावात ग्रंथालय आहे त्या गावाचे अनुभव शब्दरूप होऊन त्या ग्रंथालयात जमा होऊ लागले, म्हणजे ते खऱ्या अर्थाने वाढू लागले.

नोंद झाली, म्हणून उरले

आपल्या भाषेच्या इतिहासातील तीन उदाहरणे येथे ध्यानात घ्यावीत.

महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. शाळकरी मुलीच्या हातचा हा मजकूर आज मराठी वाङ्मयाचा आणि सामाजिक इतिहासाचा मोलाचा ऐवज मानला जातो. तो लिहिला गेला हे खरेच; परंतु एका नियतकालिकाने तो छापला आणि त्या नियतकालिकाचे अंक कोणीतरी जपून ठेवले, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरकाम करताना त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यांपैकी काही वहीत उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. पुढे ही वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली त्यांची कविता ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ती वही भरली गेली नसती, तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता!

तिसरे उदाहरण महाविद्यालयीन परिसराचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात प्रथमच शिकणारी मुले तेथे वाचू लागली आणि वाचता वाचता लिहू लागली. तेथे अध्यापन केलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक अनेक दशके चालविले. दलित साहित्याच्या चळवळीला त्यातून एक हक्काचे व्यासपीठ मिळाले. महाविद्यालयाच्या परिसरात वाचन, चर्चा आणि प्रकाशन एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

या तिन्ही ठिकाणी प्रतिभा होतीच. परंतु तिच्या जोडीला लिहून घेणारे, छापणारे आणि जतन करणारे हात होते. आपल्या ग्रंथालयांनी व्हावयाचे आहे ते असे हात.

बोलीचा संकोच

ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी लिहीत का नाही? त्याच्याजवळ सांगण्यासारखे नसते, असे मुळीच नाही. दुष्काळात विहिरीच्या तळाशी उतरलेला, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर राहिलेला, पुरात घर गेलेले पाहिलेला हा विद्यार्थी आहे. अडते त्याचे भाषेपाशी. घरी तो अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू किंवा गोंडी बोलतो. आणि पहिली ओळ लिहिताच ‘हे शुद्ध नाही’ असा शेरा पडेल, ही भीती त्याच्या मनात शाळेपासून असते. मग तो मार्गदर्शिकेतील निबंधाची भाषा उचलतो. ती भाषा निर्दोष असते, पण तीत त्याचे गाव नसते, त्याची आई नसते आणि तो स्वतःही नसतो.

यासाठी क्रम पक्का ठेवला पाहिजे. आधी लिहू द्यावे, मग वाचून दाखवू द्यावे आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी करावी. शासनमान्य लेखननियमांचे महत्त्व मी कमी मानीत नाही. अर्ज, अहवाल आणि उत्तरपत्रिका त्या नियमांनीच लिहिल्या पाहिजेत. परंतु कथेतील आजी प्रमाणभाषेत बोलू लागली, तर ती आजी राहत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या गौरवाबरोबर जबाबदारीही आली आहे, आणि मराठीच्या बोलींना लेखनात मानाचे स्थान देणे हा त्या जबाबदारीचाच भाग आहे.

लेखनतास कसा चालवावा

वर्षातून एकदा मोठा पाहुणा बोलावून साहित्य मेळावा भरविणे सोपे असते. हारतुरे होतात, छायाचित्र निघते. दुसऱ्या दिवशी मात्र वाचनकक्ष पूर्ववत शांत होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मेजाभोवती चालणारा लेखनतास अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी वाङ्मय मंडळ आणि ग्रंथालय यांनी एकत्र यावे.

पहिली दहा मिनिटे एखादा उतारा मोठ्याने वाचावा. पुढील पंचवीस मिनिटे सर्वांनी, प्राध्यापक व ग्रंथपाल यांनीसुद्धा, लिहावे. विषय जवळचे असावेत : आठवडी बाजारातील एक सौदा, घरातील सर्वांत जुनी वस्तू, गावातून नाहीसे झालेले एक काम. उरलेल्या वेळात ज्याची इच्छा असेल त्याने वाचून दाखवावे, सक्ती नसावी. ऐकणाऱ्यांनी प्रथम काय लक्षात राहिले ते सांगावे आणि त्यानंतर काय कळले नाही ते विचारावे. गुण आणि क्रमांक यांना येथे स्थान नसावे.

वेळेचाही विचार व्हावा. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे वेळापत्रक एस. टी.च्या शेवटच्या गाडीवर ठरते. सायंकाळी सहाला ठेवलेले काव्यवाचन शहरातील मुलांसाठी असते. बाहेरगावच्या मुलींना त्याचे दार बंदच असते. म्हणून हा तास दुपारच्या सुट्टीला जोडून ठेवावा. एवढ्या लहान बदलाने किती जणी येऊ लागतात, ते प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः पडताळून पाहावे.

ग्रंथालयाने द्यावयाच्या सेवा

लिहिणाऱ्याची पहिली गरज कोशांची असते. मोल्सवर्थ यांचा १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे कुलूपबंद कपाटात न ठेवता मेजावर असावेत. हे दोन्ही कोश, तसेच मराठी विश्वकोश, आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. ते कसे पाहावेत हे विद्यार्थ्यांना दाखविणे ही संदर्भसेवाच होय. जेथे शक्य असेल तेथे कथा-कवितांच्या विभागापुरती तरी मुक्तद्वार पद्धती ठेवावी. मागणीचिठ्ठीवर नाव लिहिण्यासाठी आधी ते नाव माहीत असावे लागते. कपाटासमोर उभा राहिलेला विद्यार्थी माहीत नसलेले पुस्तकही शोधून काढतो.

दुसरी सेवा माहितीची. नियतकालिकांचे पत्ते, स्पर्धांच्या मुदती, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी असलेली अनुदान योजना यांची अद्ययावत सूचना फलकावर असावी. अशी माहिती शहरातील मुलाला ओळखीपाळखीतून मिळते. खेड्यातील मुलाला ती ग्रंथालयातूनच मिळाली पाहिजे.

तिसरी सेवा टंकलेखनाची. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करण्याचे शिक्षण एका संगणकावरही देता येते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांकडे हे काम सोपविल्यास त्यांनाही कौशल्य लाभेल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची सेवा जतनाची. महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक अनेक ठिकाणी रद्दीत गेले आहेत. एखाद्या नामवंताची पहिली कविता त्यात असू शकते, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. प्रत्येक वार्षिकांकाच्या दोन प्रती बांधून ठेवाव्यात, त्यांतील लेखांची लेखकवार सूची करावी आणि भित्तिपत्रक उतरविल्यावर त्यातील मजकूर हस्तलिखित अंकात बांधून दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यावा. आपल्या लेखनाला ग्रंथालयाचा क्रमांक मिळाला, हे पाहून विद्यार्थ्याची छाती जी भरून येते, तिचे मोल पारितोषिकाहून कमी नाही.

लोकवाङ्मय आणि लेखकाचा हक्क

लेखनतासाची एक शाखा गावात जावी. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून ओव्या, उखाणे, कहाण्या, शेतीतील शब्द लिहून आणावेत. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, ग्रामीण कार्यकर्त्यांच्या साह्याने, जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. गिरण्या आल्या आणि जाते थांबले. जात्याबरोबर ओवीही थांबली. आता ज्यांना त्या पाठ आहेत त्या बहुतेक वृद्ध आहेत. हे काम आणखी वीस वर्षांनी करता येणार नाही.

मात्र असे संकलन करताना सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि त्याचे नाव, गाव व दिनांक नोंदवावा. ‘आमच्या गावातील एक म्हातारी’ एवढीच नोंद करणे हा तिच्यावर अन्याय आहे. लेखकाच्या हक्काविषयीही विद्यार्थ्यांना सांगावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन पूर्ण होताच लेखकाचा त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. हे ज्याला ठाऊक असते, तो दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपविण्यासही कचरतो. आज यंत्राकडून क्षणात निबंध तयार होऊ लागला आहे. अशा काळात आपल्या हाताने, आपल्या अनुभवातून लिहिलेल्या अर्ध्या पानाची किंमत विद्यार्थ्याला पटवून देणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

वर्षाची आखणी

कार्यक्रमांची आखणी अगोदरच करावी. जूनजुलैमध्ये लेखनतासाचा प्रारंभ; १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीदिनी, वार्षिकांकांचे प्रदर्शन; १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी विद्यार्थ्यांच्या लेखनाचे जाहीर वाचन; दिवाळीच्या सुट्टीत लोकवाङ्मयाचे संकलन; ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त विद्यार्थिनींचे काव्यवाचन (सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा आहे, याचे स्मरण येथे उचित ठरेल); आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी हस्तलिखित अंकाचे प्रकाशन. त्यानंतर परीक्षांसाठी वाचनकक्ष मोकळा ठेवावा.

अडचणी आणि पंचायतींचा वाटा

ग्रंथपाल मित्र म्हणतील की, मनुष्यबळ अपुरे आहे. देवघेव सांभाळता सांभाळता दिवस संपतो. ही अडचण खरी आहे आणि रिक्त पदे भरली जाणे हाच तिच्यावरील खरा उपाय आहे, हे अधिकारीवर्गापुढे मी स्पष्टपणे मांडतो. तथापि लेखनतासाला लागते ते एक मेज, काही कोरे कागद आणि आठवड्याचा एक तास. विद्यार्थ्यांची समिती नेमल्यास बराचसा भार तीच उचलू शकेल.

पंचायत सदस्यांनाही एक विनंती आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. आपल्या गावच्या वाचनालयात महाविद्यालयीन मुलांच्या हस्तलिखित अंकाची एक प्रत मागवून घ्या. ग्रामसभेच्या किंवा जत्रेच्या दिवशी गावातील मुलीला तिचे लेखन गावासमोर वाचू द्या. आपल्या लेकीने लिहिलेले गाव कान देऊन ऐकते, हे ज्या आईवडिलांनी पाहिले, ते तिचे शिक्षण मध्येच थांबविण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

मित्रहो, या उपक्रमातून दरवर्षी एखादा कवी निर्माण होईल, असे आश्वासन मी देत नाही. बहुतेक विद्यार्थी शिक्षक होतील, ग्रामपंचायत अधिकारी होतील, शेती करतील, घरसंसार सांभाळतील. परंतु जो आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडू शकतो, तो अर्जही नीट लिहितो, ठरावही नीट वाचतो आणि न पटणाऱ्या कागदावर मुकाट्याने अंगठा किंवा सही करीत नाही. लोकशाहीला असे नागरिक हवे असतात. ते घडविण्याची एक जागा प्रत्येक महाविद्यालयात आधीपासूनच आहे. तेथील एक मेज या जूनपासून लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.