कुमारांच्या हाती रहस्यकथा आणि युद्धकथा
(ग्रंथालय-कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



वस्तीतील वाचनालयाचे कपाट उघडले की बहुतेक ठिकाणी सारखेच दृश्य दिसते. वरच्या दोन फळ्यांवर थोरांची चरित्रे, प्रबोधनपर निबंध आणि पक्षाच्या पुस्तिका धूळ खात उभ्या असतात. खालच्या फळीवर वेष्टने फाटलेली, पाने सुटलेली, दोऱ्याने बांधलेली रहस्यकथांची पुस्तके आडवीतिडवी पडलेली असतात. कोणती पुस्तके वाचली जातात हे कळण्यासाठी नोंदवही पाहावी लागत नाही. तरीही बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी ग्रंथखरेदी करावयाची वेळ आली की कार्यकर्त्यांची यादी वरच्या फळीपासून सुरू होते आणि तेथेच संपते. रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय आणि युद्धकथा म्हणजे हिंसेचे आकर्षण, असे दोन निकाल आधीच लागलेले असतात. ते निकाल पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रहस्यकथेविषयीचा हा तुच्छभाव डाव्या विचारपरंपरेने शिकविलेला नाही. मुसोलिनीच्या तुरुंगात बसून ग्राम्शी यांनी ज्या टिपणवह्या लिहिल्या, त्यांत गुप्तहेरकथेसारखे लोकप्रिय साहित्य लोकांना का आवडते याचा विचार आहे. ब्रेख्त तर अशा कादंबऱ्यांचा हौशी वाचकच होता. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि ज्या वर्गापर्यंत आपल्या पुस्तिका पोहोचत नव्हत्या त्या वर्गाला धनंजय आणि छोटू यांनी वाचनाची गोडी लावली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून दोन-तीन पिढ्यांच्या मनातून हिंडला. सत्यजित राय यांनी १९६५ पासून ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदाच्या कथा लिहिल्या. त्या मराठीत आल्या आहेत. फेलूदाचे मुख्य शस्त्र म्हणजे त्याचा मेंदू.

अर्थात या वाङ्मयप्रकाराचे दोष झाकण्याचे कारण नाही. हलक्या रहस्यकथेत गुन्हेगार बहुधा परदेशी, नोकर किंवा शरीराने व्यंग असलेला निघतो. एका दुष्टाला बेड्या पडल्या की जग पूर्ववत निर्मळ होते, असा भाबडा समजही ती पसरविते. परंतु याच कथेत एक मोलाची सवय दडलेली असते : संशय आणि पुरावा यांतील अंतर ओळखण्याची. ऐकीव गोष्टीवरून माणसाला दोषी ठरविण्याच्या काळात ही सवय लहान समजता येणार नाही. होम्सची ‘पिवळा चेहरा’ ही १८९३ सालची कथा या दृष्टीने मुद्दाम द्यावी. तीत होम्सचा तर्क साफ चुकतो, आणि पुन्हा कधी आपल्याला फाजील आत्मविश्वास वाटू लागला तर त्या गावाचे नाव कानात सांग, अशी विनंती तो वॉटसनला करतो.

मात्र पहिले पुस्तक कोणते, असे विचारल्यास उत्तर एरिश केस्टनर यांच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीचेच द्यावे लागेल. एमिलचे वडील वारलेले आहेत. आई केस धुण्या-विंचरण्याचे काम करून घर चालविते. तिने काटकसरीने साठविलेले एकशे चाळीस मार्क घेऊन तो आगगाडीने बर्लिनला निघतो आणि वाटेत झोप लागली असता सहप्रवासी ते पैसे चोरतो. पोलिसांकडे जाण्याची एमिलला भीती वाटते, कारण त्याने आपल्या गावातील सरदाराच्या पुतळ्याला मिशा रंगविलेल्या असतात! मग बर्लिनच्या रस्त्यावरची मुले एकत्र येतात, कामे वाटून घेतात, चोराचा पाठलाग करतात. शेवटी पुरावा काय मिळतो? एमिलने नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेल्या असतात. त्या टाचणीची भोके नोटांवर तशीच असतात. एकट्या प्रज्ञावंताच्या जागी येथे मुलांची संघटना आहे. तीत धाकटा ‘मंगळवार’ नावाचा एक मुलगा आहे. सर्वजण पाठलागाची मौज लुटत असताना तो घरी टेलिफोनजवळ बसून राहतो, कारण कोणीतरी तेथे बसणे आवश्यक असते. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या पात्राचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

या पुस्तकाची पुढची हकिगत त्याच्या पानांबाहेर घडली. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी ग्रंथांची होळी केली. तीत केस्टनर यांची पुस्तके होती, आणि गर्दीत उभे राहून ते स्वतः ती जळताना पाहत होते. १९३१ साली निघालेल्या चित्रपटात धाकट्या मंगळवारची भूमिका करणारा मुलगा मोठा होऊन सैनिक झाला आणि १९४२ साली रशियाच्या आघाडीवर मारला गेला. चोराला पकडणारी ही मुले ज्या देशात वाढली, त्या देशाने दहा-बारा वर्षांत त्यांचे काय केले, हा प्रश्न ‘एमिल’ संपविलेल्या मुलाच्या मनात सहज उभा राहतो. युद्धविषयक पुस्तक त्याच्या हाती देण्याची वेळ तीच.

अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी सर्वांना ठाऊक आहे, निदान नावाने. १९४२ च्या जुलैपासून अ‍ॅमस्टरडॅममधील एका कचेरीच्या मागील भागात आठ ज्यू माणसे लपली. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ती पकडली गेली. त्यांपैकी केवळ अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक जिवंत परतले. अ‍ॅन बर्गेन-बेल्सनच्या छावणीत १९४५ साली वारली. दैनंदिनी १९४७ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हे पुस्तक ‘एका सोशिक मुलीची करुण कहाणी’ म्हणून दिले जाते. मुले चार पाने वाचून ते परत करतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या मुलाला हेच पुस्तक त्यामागील तपासासह द्यावे.

१९५८ साली ऑस्ट्रियातील लिंझ शहरी अ‍ॅनच्या जीवनावरील नाटकाचा प्रयोग चालू असता काही तरुण मुलांनी गोंधळ घातला. ही मुलगी कधी नव्हतीच, सारे बनावट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाझी गुन्हेगारांचा शोध घेणारे सायमन विझेन्थाल त्याच शहरात राहत होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांनी एका शाळकरी मुलाशी या विषयावर बोलणे केले, तेव्हा त्याने पुरावा मागितला : तिला अटक करणारा अधिकारी सापडला तर विश्वास ठेवू. विझेन्थाल यांनी मुलाला झिडकारले नाही. ते त्या अधिकाऱ्याच्या शोधास लागले. नाव चुकीचे ऐकिवात असल्याने काही वर्षे वाया गेली. अखेर हॉलंडमधील गेस्टापोची जुनी टेलिफोन-यादी त्यांच्या हाती आली आणि १९६३ साली तो माणूस सापडला. तो व्हिएन्नाच्या पोलीस दलात राजरोस नोकरी करीत होता! अटक आपणच केल्याचे त्याने मान्य केले. त्याने दैनंदिनी विकतही घेतली होती. आपला उल्लेख तीत आहे की काय, हे पाहण्यासाठी. उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण शेवटची नोंद अटकेच्या तीन दिवस आधीची आहे. त्याला काही काळ निलंबित करण्यात आले, आणि हुकुमाची अंमलबजावणी केली एवढाच त्याचा भाग असल्याचे ठरून पुन्हा कामावर घेण्यात आले. गुन्हेगार सापडला, कबुली मिळाली, आणि तरीही काही घडले नाही. नेहमीची रहस्यकथा असा शेवट लिहीत नाही.

त्या आठ जणांचा पत्ता पोलिसांना कोणी दिला, हे मात्र आजतागायत सिद्ध झालेले नाही. २०२२ च्या जानेवारीत एक पुस्तक गाजावाजासह प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या एका माजी तपास-अधिकाऱ्याच्या पथकाने वर्षानुवर्षे केलेल्या शोधावर ते आधारलेले होते, आणि त्यात अ‍ॅमस्टरडॅममधील एका ज्यू नोटरीवर ठपका ठेवण्यात आला होता. डच इतिहासकारांनी तो पुरावा तपासला आणि मार्चमध्ये तो डळमळीत असल्याचे दाखवून दिले. डच प्रकाशकाने पुस्तक विक्रीतून काढून घेतले. त्यापूर्वी २०१६ साली अ‍ॅन फ्रँक गृहाच्या संशोधकांनी निराळीच शक्यता मांडली होती : कोणी फितुरी केलीच नसेल, शिधापत्रिकांतील गैरव्यवहाराच्या चौकशीसाठी आलेल्या पोलिसांना ही माणसे अवचित सापडली असतील. चौदा वर्षांच्या मुलांच्या गटापुढे हे तिन्ही पुरावे ठेवून पाहावेत. ‘माहीत नाही’ हे उत्तर पत्करण्यास किती धैर्य लागते, आणि त्या धैर्याच्या अभावी एका मृत माणसाचे नाव जगभर कसे मलिन होते, हे व्याख्यानावाचून त्यांच्या ध्यानात येईल.

इयन सेरेलियर यांची ‘चांदीची तलवार’ ही १९५६ सालची कादंबरी याहून सोपी आहे. आईबापांची ताटातूट झालेली वॉर्सातील भावंडे आणि यान नावाचा एक अनाथ मुलगा उद्ध्वस्त युरोपातून स्वित्झर्लंडपर्यंत वाट काढतात. तलवार म्हणजे पाकिटे फोडण्याची एक लहानशी सुरी. कोल्हापूरकडील मुलांना हे पुस्तक देताना वळिवड्याचा उल्लेख अवश्य करावा. १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले. परंतु एक भेद लपवू नये. कादंबरीतील मुलांवर संकट आणले नाझींनी. वळिवड्याच्या मुलांना घरादारातून उपटून सैबेरियाकडे नेले होते ते स्टालिनच्या राजवटीने. समाजवाद्यांनी ही गोष्ट मुलांना स्वतःहून सांगितली पाहिजे, त्यांनी विचारण्याची वाट पाहता कामा नये.

राहिले केइजी नाकाझावा यांचे ‘अनवाणी गेन’. हे चित्रकथेचे पुस्तक आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये. नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबाँब पडला. वडील, बहीण आणि भाऊ त्यांनी गमावले. १९७३ पासून त्यांनी ही कथा चित्रांतून सांगितली. तीतील बाप युद्धाला विरोध करतो म्हणून शेजारीपाजारी त्याला देशद्रोही ठरवितात, आणि त्या कुटुंबाच्या पाठीशी उभा राहतो तो एक कोरियन शेजारी. बाँब टाकणारी अमेरिका आणि आपल्याच जनतेला युद्धात लोटणारे जपानी राज्यकर्ते, दोघांनाही लेखक सोडत नाही. हे अनेकांना सोसत नाही. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षणखात्याने हे पुस्तक शाळांच्या खुल्या फळ्यांवरून हलवावयास सांगितले. कारण दिले गेले ते त्यातील क्रूर दृश्यांचे. लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती सूचना मागे घेण्यात आली.

दृश्ये क्रूर आहेत यात शंका नाही, आणि बारा वर्षांच्या सर्वच मुलांना ती झेपतील असेही नाही. म्हणून पुस्तक कुलपात घालावे, असा त्याचा अर्थ होत नाही. ते देताना कोणीतरी जाणते माणूस आसपास असावे, इतकेच. गटचर्चेत ‘काय शिकलात?’ हा मास्तरी प्रश्न टाळावा. संशय कोणावर आणि कशावरून, एवढे विचारले की मुले बोलू लागतात. आणि एखाद्या मुलीने ‘गेन’ अर्ध्यावर परत आणून दिले तर तिच्याकडे खुलासा मागू नये. ते खालच्या फळीवर, एमिलशेजारी, हात पोहोचेल असे ठेवून द्यावे.